चाळीस डॉलरची घोरपड

पत्र, थोडक्यात: आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसजवळच्या एका उपनगरात राहतो. घर शाकाहारी, अंडंसुद्धा आणत नाही. नऊ महिन्यांपूर्वी माझ्या सोळा वर्षांच्या मुलाने सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनातून सव्हाना मॉनिटर जातीच्या घोरपडीचं पिल्लू ४० डॉलरला आणलं. नाव ठेवलं यशवंत. तेव्हा ते वीतभर होतं, आता शेपटीसकट २२ इंच आहे. वरच्या मजल्यावर मुलाच्या खोलीत ४० गॅलनच्या काचेच्या टाकीत असतं. रोज एक गोठवलेला उंदीर, शिवाय दुकानातले रातकिडे आणि डब्यातलं 'मॉनिटर फूड'. महिन्याला सव्वाशे-दीडशे डॉलर जातात. यशवंत छान गरगरीत झालाय, त्याबद्दल तक्रार नाही. पण यापेक्षा स्वस्त आणि चांगलं खाणं कोणतं? कुत्र्याचं डब्यातलं खाणं चालेल का? पनीर? दोन महिन्यांनी सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतायत आणि माझ्या फ्रीजरमध्ये उंदीर आहेत. नवरा म्हणतो, विकून टाका. – वैतागलेली आई

वैतागलेल्या ताई,

पनीरपाशी मी थांबले आणि जरा हसले. राग मानू नका. जो आपल्या घरात राहतो त्याला आपल्या ताटातलं द्यावंसं वाटणारच. पण पनीरचं उत्तर 'नाही' असं आहे. वरण, पोळी, फळं, भाजी, काहीच नाही. तुमच्या घरातला हा एक जीव पक्का मांसाहारी आहे आणि तो बदलणार नाही. मात्र तुमच्या शाकाहारी स्वयंपाकघराचा त्याला मोठा उपयोग आहे. त्याकडे येतेच.

आधी पत्रातलं एक वाक्य: 'छान गरगरीत झालाय, त्याबद्दल तक्रार नाही.' मला सगळ्यात जास्त काळजी याच वाक्याची वाटली. आपल्याकडे बाळाच्या मनगटाला वळ्या पडल्या की आजी दृष्ट काढते. घोरपडीच्या बाबतीत हा हिशेब उलटा आहे. शेपटीचं मूळ सुजल्यासारखं जाड, पोट जमिनीला टेकलेलं, चालताना अंग घासत जाणारं, असं दिसत असेल तर ती तब्येत नाही, चरबी आहे. ती यकृतावर चढते. पाळलेल्या सव्हाना मॉनिटरच्या लवकर मरण्यामागे वारंवार दिसणाऱ्या गोष्टी म्हणजे यकृताची चरबी आणि गाऊट, म्हणजे युरिक आम्लाचे खडे साठून होणारा संधिवातासारखा आजार. नीट ठेवलं तर हा प्राणी दहा-बारा वर्षं सहज जगतो. नीट न ठेवलेले बरेचसे दोन-तीन वर्षांत जातात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा पहिला मॉनिटर असाच गेला. दुकानदाराने 'पूर्ण किट' म्हणून जे दिलं ते मी भक्तिभावाने घेतलं, रोज टर्कीचा खिमा आणि अंडं भरवलं, आणि तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी त्याच्या मूत्रपिंडातले पांढरे खडे मला दाखवले. तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी त्याला खाऊ घालत होते, पण पचवायला काहीच देत नव्हते.

तुमच्या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. तुम्ही विचारताय 'स्वस्त खाणं कोणतं', कारण बिलात खाण्याचा आकडा दिसतो. मला विचाराल तर यशवंतला खाणं कमी पडत नाहीये. त्याला ऊन कमी पडतंय.

माझं लहानपण साताऱ्याकडे गेलं. आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावर एक घोरपड यायची. सकाळी नाही, भर दुपारी, तेव्हा त्या काळ्या दगडावर आम्हाला हात ठेववत नसे. ती त्यावर पोट टेकवून पसरायची, अर्धा-पाऊण तास, आणि मगच शिकारीला सरकायची. ती ऐदी नव्हती, चूल पेटवत होती. सरपटणाऱ्या प्राण्याच्या पोटात जे जाईल ते बाहेरच्या उष्णतेवर शिजतं. ऊब पुरेशी नसेल तर उंदीर तसाच पडून राहतो, कधी आत सडतो, कधी उलटून पडतो, आणि पचला तरी अर्धवट पचतो. म्हणजे तुमच्या दीडशे डॉलरमधले किती खरोखर अंगी लागतात, हा प्रश्न आहे.

सव्हाना मॉनिटर आफ्रिकेच्या गवताळ पट्ट्यातला. त्याला ऊन खायच्या जागेचा पृष्ठभाग ५५ ते ६५ सेल्सियस लागतो, तुमच्याकडच्या भाषेत १३० ते १५० फॅरनहाइट. आकडा वाचून दचकायला होतं, पण तो त्या दगडाचा आहे, हवेचा नाही. टाकीचं दुसरं टोक २५ ते २९ सेल्सियसवर हवं, म्हणजे नको तेव्हा त्याला सावलीत जाता येईल. दुकानातल्या बहुतेक किटमध्ये ऊन खायची जागा चाळिशीच्या पलीकडे जात नाही. काचेवर चिकटवलेला गोल तापमापक काचेचं तापमान सांगतो. म्हणून या महिन्यात एकच वस्तू घ्यायची असेल तर इन्फ्रारेड तापमापक घ्या, पिस्तुलासारखा धरून मोजायचा. वीसेक डॉलरला येतो. मुलाला सांगा, दगडावर रोख आणि आकडा मला पाठव. बाकी सगळे निर्णय त्या आकड्यानंतर.

दिव्यांवर मात्र तुम्ही भरपूर वाचवू शकता. पेट शॉपमध्ये 'बास्किंग लॅम्प' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा रंगीत खोक्यातला साधा हॅलोजन असतो. अंगणात लावायचे हॅलोजन फ्लडलाइट तेच काम करतात. ऑगस्ट २०२३ पासून अमेरिकेत जास्त वीज खाणाऱ्या दिव्यांच्या विक्रीवर निर्बंध आले, त्यामुळे ते आता कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात पूर्वीसारखे सहज दिसत नाहीत. मिळाले तर चार जास्त घेऊन ठेवा. एलईडी नको, त्यातून उजेड मिळतो, ऊब नाही. आणि एकच प्रचंड दिवा लावण्यापेक्षा शेजारी शेजारी तीन लहान लावा. एका दिव्याने पाठीचा एक ठिपका भाजतो आणि बाकीचं अंग गार राहतं. तिघांनी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सारखं ऊन पडतं. ९० वॅटचे तीन दिवे रोज १२ तास म्हणजे महिन्याला साधारण ९७ युनिट. युनिटला १५ सेंट धरले तर १५ डॉलरच्या आत-बाहेर. ज्याला तुम्ही मोठा खर्च समजून टाळत असाल तो इतकाच आहे. तापणारे कृत्रिम दगड मिळतात ते मात्र घेऊ नका. त्याने पोट भाजलेले प्राणी डॉक्टरांकडे नेहमी येतात.

यूव्हीबीची, म्हणजे हाडांसाठी लागणारे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब, हा एकच दिवा असा की जिथे स्वस्तातलं घेऊन चालत नाही. लांब, सरळ टी-५ ट्यूब घ्या. पिळाचे छोटे बल्ब एवढ्या मोठ्या प्राण्याला पुरत नाहीत. वर्षाने बदला, उजेड दिसत असला तरी. त्यातली उपयोगाची किरणं आधी संपतात. 'टाकी खिडकीशी ठेवलीय, ऊन येतं' असं बऱ्याच जणांचं म्हणणं असतं. खिडकीची काच ती किरणं अडवते.

आता ताटाकडे. जंगलातला सव्हाना मॉनिटर काय खातो हे घाना आणि सेनेगलमध्ये अभ्यासकांनी पाहिलं आहे. नाकतोडे, रातकिडे, भुंगेरे, पैसा किडे, गोगलगायी, अधूनमधून विंचू. उंदीर जवळजवळ नाहीच. शिवाय पावसाळ्यात तुडुंब खायचं आणि कोरड्या महिन्यांत साठवलेल्या चरबीवर काढायचं, असं त्याचं वर्ष असतं. आपण त्याला बारा महिने पावसाळा देतो, वर रोजचा उंदीर. म्हणजे रोज सणाचं जेवण. तुमच्या फ्रीजरमधला उंदीर ही गरज नाही, सवय आहे. तूर्त तो पूर्ण थांबवा. पुढे यशवंत मोठा आणि सडपातळ झाला की महिन्यातून एक-दोन पुरेत. खर्चाचा एक मोठा तुकडा इथेच गळून पडला की नाही?

कुत्र्याचं किंवा मांजराचं खाणं नको. ते ज्या शरीरासाठी बनवलंय ते दुसरं, आणि गाऊटच्या वाटेवरचा तो हमरस्ता आहे. डब्यातलं 'मॉनिटर फूड' घेताना मागचं लेबल वाचा, त्यावर ओलाव्याचं प्रमाण लिहिलेलं असतं. ते ७० टक्क्यांच्या वर असेल, आणि असतंच, तर तीन चतुर्थांश पैसे पाण्याचे. शंभर ग्रॅम डब्यातल्या पंचवीस-तीस ग्रॅमची ही किंमत आहे असं समजून भागाकार केलात की डबा परत फळीवर ठेवाल. वाळवलेले रातकिडे याच्या उलट, त्यातलं पाणीच काढून टाकलेलं असतं. जो प्राणी बरंचसं पाणी भक्ष्यातून घेतो त्याला ते रोज देणं म्हणजे मूत्रपिंडावर ओझं. प्रवासाला गेलात तर दोन दिवस ठीक.

मग द्यायचं काय? इथे तुम्ही खुर्ची घट्ट धरा. झुरळं.

घरात शिरतात ती नव्हेत. डुबिया नावाची दक्षिण अमेरिकेतली झुरळं. गुळगुळीत भिंत चढता येत नाही, उडत नाहीत, रातकिड्यांसारखी रात्रभर किरकिरत नाहीत, वासही खूप कमी. चुकून एखादं निसटलं तरी थंड कोरड्या घरात त्यांचा वंश वाढत नाही. रातकिडे दुकानातून आणले की निम्मे तीन दिवसांत मरतात, आणि तुम्ही पैसे जिवंत-मेलेल्या सगळ्यांचे दिलेले असतात. डुबिया महिनोन्‌महिने जगतात. (फ्लोरिडातल्या वाचकांसाठी: तुमच्याकडे डुबिया ठेवायला बंदी आहे. तिथले लोक डिस्कॉइड जातीची झुरळं वापरतात.)

विकत घेतलेली डुबियाही स्वस्त नसतात, म्हणून ती पाळायची. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे, झाकणाला जाळी, डब्याच्या बाजूला थर्मोस्टॅटवरची ऊब देणारी पट्टी, आत साधारण ३० सेल्सियस. अंडी आणत नाही म्हणालात, तर ट्रे एखाद्या हॉटेलातून मागा, ते टाकूनच देतात. शंभर माद्या आणि तीस-पस्तीस नरांपासून सुरुवात. मादी अंडी पोटातच उबवते आणि एका वेळी वीस-तीस पिल्लं देते. पिल्लू मोठं व्हायला चार ते सहा महिने. सगळे चुकतात ते इथे. दुसऱ्याच महिन्यात हात घालून मोठी झुरळं भरवायला लागतात आणि वसाहत कोलमडते. पहिले पाच महिने डब्याला हात नाही. तोवर ऑनलाइन पाचशे-हजाराच्या घाऊक पाकिटात मागवा, दुकानातल्या छोट्या डबीपेक्षा नगाला कितीतरी स्वस्त पडतात. एकदा बस्तान बसलं की महिन्याला काहीशे पिल्लं सहज निघतात. साफ करताना मुलाने मास्क लावावा, झुरळांच्या विष्ठेच्या धुळीने दमा उठतो. घरात कुणाला दमा असेल तर हा बेतच नको.

आणि आता तुमचं स्वयंपाकघर. ही झुरळं जे खातात तेच शेवटी यशवंतच्या पोटात जातं. गाजराची सालं, लाल भोपळ्याचा गर, रताळ्याचे तुकडे, कोथिंबिरीच्या काड्या, मेथीची देठं, संत्र्याची फोड, वाटीभर ओट्स. किड्यांना चारायच्या 'गटलोड' पावडरचं महागडं पाकीट जे करतं ते तुमची भाजीची पाटी करते. पाला धुऊन टाका, फवारणीचं औषध झुरळांना पहिलं मारेल. मुलाला घोरपड, तुम्हाला झुरळं. वाटणी विचित्र आहे हे मला मान्य.

किड्यांमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. त्यामुळे भरवण्याआधी ते कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचे, पोळी लाटताना पिठी लावतो तसे. छोट्या रंगीत बाटलीतली पावडर आणि खाण्यायोग्य शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट यांत फरक लेबलचा. ते किलोने घ्या. ड-३ आणि इतर जीवनसत्त्वांची पावडर मात्र लहानच घ्या, उघडल्यावर सहा महिन्यांत जोर जातो. अर्धी बाटली टाकावी लागली तरी चालेल. जुनी वापरून कसली बचत?

गांडुळं उत्तम, मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानातून मिळतात. रंगवलेली घेऊ नका आणि कंपोस्टची लाल गांडुळं नकोत, ती कडवट द्रव सोडतात. मीलवर्म आणि वॅक्सवर्म या दुकानात मिळणाऱ्या अळ्या म्हणजे फरसाण. अंगणातले किडे फुकट दिसतात, पण टेक्ससमधल्या हिरवळीवर काय काय मारलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. गोगलगायी त्याला फार आवडतात, पण बागेतल्या नकोत, त्यांनी विष खाल्लेलं असू शकतं. आणि एक गोष्ट मुलाच्या खोलीत लिहून चिकटवा: काजवे नाहीत. उन्हाळ्याच्या संध्याकाळी अंगणात चमकतात त्या काजव्यांत असं विष असतं की एक काजवा खाल्ला तरी पाळलेला सरडा मरू शकतो.

किती आणि कधी? वाढत्या वयात बहुतेक दिवस किडे, पूर्ण वाढ झाल्यावर आठवड्यातून तीन-चार वेळा. नेमकं माप शरीर सांगेल. एक वेगळा वजनकाटा घ्या (स्वयंपाकाचा नव्हे, कृपया) आणि महिन्यातून एकदा वजन आणि लांबी वहीत. लांबी वाढत्येय आणि वजन उड्या मारत नाहीये, एवढं पुरे. उंदीर थांबले म्हणून आठवडाभर रुसेल, तोंड फिरवेल. आईचं मन तेव्हा विरघळतं. विरघळू देऊ नका.

इतकं वाचवलंत. आता जिथे वाचवता येणार नाही ते सांगते, कारण नवऱ्याच्या 'विकून टाका'मध्ये तथ्य आहे का हे त्यावर ठरेल.

'टाकीएवढाच वाढतो' हे दुकानदारांचं आवडतं वाक्य आहे आणि ते खोटं आहे. यशवंत तीन फुटांच्या आसपास जाईल. त्याला आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच जागा लागेल. अमेरिकेत प्लायवूडचा पत्राच आठ बाय चारचा येतो, त्यामुळे पाच पत्रे, चौकट, पाणी न शिरणारं अस्तर आणि समोर सरकती काच, असं घरी बांधलं तर काहीशे डॉलरमध्ये होतं. तयार घ्याल तर हजाराच्या पुढे. तळाशी दोन फूट माती हवी. खत न मिसळलेली माती आणि खेळाची वाळू, दोन्ही बांधकामाच्या दुकानात पोत्याने मिळतात. नारळाच्या काथ्याच्या सुबक विटा घेऊ नका, तीन महिन्यांच्या खाण्याचे पैसे त्यात जातील. ही माती शोभेची नाही. तो तिच्यात बीळ खणतो, बिळातली दमट हवा त्याचं पाणी राखते आणि पाणी राखलं गेलं की गाऊट लांब राहतो. म्हणून ती कोरडी धूळ नको. मुठीत दाबली तर लाडू वळला पाहिजे.

पण हिशेब करा. आठ गुणिले चार गुणिले दोन म्हणजे ६४ घनफूट माती. ओली असताना अडीच टनांच्या आसपास. मुलाची खोली वरच्या मजल्यावर आहे म्हणालात. तिथे हे ठेवायचं नाही म्हणजे नाही. टेक्ससमधली बहुतेक घरं काँक्रीटच्या स्लॅबवर असतात, तळमजल्यावरची एखादी खोली चालेल. गराज ऑगस्टमध्ये भट्टी असतो आणि जानेवारीत बर्फ.

आणखी एक. यशवंत हा यशवंतच आहे हे कुणी सांगितलं? या जातीत लहानपणी नर-मादी ओळखणं कठीण असतं. तानाजीची यशवंती ही दंतकथा आहे असं इतिहासकार म्हणतात, तुमची यशवंती मात्र खरी निघू शकते. मादीला नराशिवायही अंडी धरतात आणि खोल, ऊबदार, दमट माती मिळाली नाही तर ती आत अडकून मरते. माती दोन फूट हवी, याचं हे दुसरं कारण.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे वर्षातून एक फेरी आणि विष्ठेची तपासणी, हे धरून चाला. ४० डॉलरला पिल्लू का मिळतं? घाना, टोगो, बेनिनमधून ती मोठ्या प्रमाणावर निर्यात होतात, पकडलेल्या माद्यांपासून किंवा खणून काढलेल्या अंड्यांपासून. येताना पोटात जंत घेऊन येतात. जंतांना भरवण्याइतकं महाग खाणं दुसरं नाही.

तर तीन वाटा. पहिली, जागा आणि एकरकमी हजार-दीड हजार डॉलर काढणं शक्य असेल तर ठेवा. झुरळांची वसाहत लागल्यावर महिन्याचा खर्च विजेसकट तीस-चाळीस डॉलरवर यावा, म्हणजे आजच्या दीडशेच्या मानाने एकरकमी गेलेले पैसे वर्ष-सव्वा वर्षात परत येतात. मुलगा सोळा वर्षांचा आहे हे मात्र विसरू नका. दोन वर्षांनी तो कॉलेजला जाईल आणि यशवंत वसतिगृहात जाणार नाही. पुढची आठ-दहा वर्षं तुमची आहेत. त्याच्याशी हे आत्ता बोला, आणि 'टाकून देईन' अशी धमकी म्हणून नव्हे. हिशेबाची वही त्याच्या हाती द्या, सगळी खरेदी त्यालाच करू द्या.

दुसरी, जमत नसेल तर दुसरं घर शोधा. विकून पैसे येतील ही आशा नको, वाढलेल्या सव्हानाला गिऱ्हाईक नसतं. टेक्ससमध्ये सरपटणारे प्राणी सांभाळणाऱ्या संस्था आणि अभ्यासकांचे गट आहेत, तिथे विचारा. त्या बऱ्याचदा भरलेल्या असतात, म्हणून आज विचारायला सुरुवात करा, सासूबाईंच्या विमानाच्या आदल्या दिवशी नको. बाहेर सोडणं मात्र नाही. फ्लोरिडात केप कोरलमध्ये लोकांनी सोडलेल्या नाइल मॉनिटरांनी १९९०च्या सुमारापासून ठाण मांडलंय. तुमच्याकडे हिवाळ्यात तो मरेल, एवढाच फरक.

तिसरी, मुलाला मॉनिटरच हवा असेल पण आठ फूट जागा नसेल, तर यशवंतला चांगलं घर मिळाल्यावर ऑस्ट्रेलियातल्या ॲकी जातीचा विचार करा. दोन फुटांच्या आसपास राहतो आणि जागा निम्म्याहून कमी लागते. विकत घेताना काहीशे डॉलर महाग, पाळताना बराच स्वस्त. मला स्वतःला तुमच्या घरासाठी पहिली वाट आवडेल, पण तळमजल्यावर खोली असेल तरच.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी एवढंच, कारण दर वेळी कुणीतरी विचारतं. आपल्याकडची घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती पकडणं, पाळणं, तिचं तेल विकत घेणं, 'हत्थाजोडी' म्हणून तिचे वाळवलेले अवयव देव्हाऱ्यात ठेवणं, सगळा गुन्हा, तीन ते सात वर्षं कैद. शेतात दिसली तर लांबून बघा. आणि ताई, यशवंतला पुण्याला नेण्याचा विचार कुणी बोलून दाखवला तर तिथेच थांबवा.

राहिल्या सासूबाई. पासष्टीच्या पुढच्या असतील तर काळजी उंदरांची नाही, साल्मोनेलाची. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर हे जंतू असतात, प्राणी निरोगी दिसत असला तरी. अमेरिकेचं आरोग्य खातं पाच वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टीपुढच्यांना त्यांच्यापासून दूर ठेवायला सांगतं. म्हणून त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, बाहेर नळाखाली धुवा. हाताळल्यावर साबणाने हात. यशवंत दिवाणखान्यात फिरणार नाही. आणि त्यांना आल्या दिवशी दाखवा, लपवू नका. साताऱ्या-पुण्याकडच्या बाईने घोरपड पाहिलेली असते. त्या तुमच्यापेक्षा कमी घाबरतील अशी माझी पैज आहे.

फ्रीजरमधले उरलेले उंदीर त्याआधी संस्थेला द्या किंवा गराजमध्ये छोटा वेगळा फ्रीजर ठेवा. काहीही करा, पण ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरू नका. आपल्या घरात त्या डब्यात इडलीचं पीठ असतं हे सासूबाईंना पक्कं ठाऊक आहे.